परत आलेल्यांची नोंद

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमचे थोरले चुलते वारले. घरात आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू आणि गावात त्यांना मेजर म्हणत. वय एक्याऐंशी होते. आजार म्हणावा असा काही नव्हता, आदल्या दिवशीपर्यंत ते पहाटे पाच वाजता उठून स्वतःची दाढी स्वतः करत होते. दशक्रियेला नदीवर बरीच मंडळी जमली. हल्ली आमच्या भागात पिंडाला कावळा शिवण्याआधी प्रवचन आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणे अशी रीत पडली आहे. त्याप्रमाणे तालुक्याच्या एका पुढाऱ्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि मेजरसाहेबांनी कारगिलच्या युद्धात शत्रूला कसे पाणी पाजले, याचे पाच-सात मिनिटे वर्णन केले. लोक गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या काकूंनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

नाना १९७७ सालीच सैन्यातून निवृत्त झाले होते. १९९९ च्या जुलै महिन्यात, कारगिलची लढाई अखेरच्या टप्प्यात होती तेव्हा, छप्पन्न वर्षांचे नाना एस.टी.ची आषाढीसाठी सोडलेली जादा गाडी घेऊन पंढरपूरच्या फेऱ्या मारत होते. ते मेजर कधीच नव्हते, हवालदार होते. त्यातही पायदळात नव्हे, तर रसद पोहोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ट्रकचे चालक होते. हे सगळे त्या दिवशी नदीवर बसलेल्या निदान पन्नास माणसांना ठाऊक होते, आणि तरीही कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. दहाव्याच्या दिवशी चूक कोण काढणार?

तेराव्यानंतर नानांची काळी लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा त्या चुकीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. आत डांबराच्या गोळ्यांच्या वासात डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, चार पदके आणि रबराने बांधलेली आंतर्देशीय पत्रांची चळत होती. डिस्चार्ज बुक आणि पत्रे एकत्र वाचल्यावर कळले की १९७१ च्या डिसेंबरात, युद्ध चालू असताना, नाना खरोखरच कारगिलमध्ये होते. श्रीनगर-लेह रस्त्यावर जबलपूरला तयार झालेला शक्तिमान ट्रक चालवणे ही त्यांची नेमणूक होती. तेव्हा हिवाळा आला की सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची झोजी खिंड बर्फाने बंद होई आणि वसंतापर्यंत पलीकडची माणसे पलीकडेच राहत. त्या वर्षी नाना पलीकडे राहिलेल्यांत होते. कारगिलच्या उत्तरेची उंच ठाणी त्याच डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत भारतीय सैन्याने घेतली. त्या चढायांच्या पायथ्यापर्यंत रॉकेल, पीठ आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्या गाड्यांपैकी एक गाडी नानांची होती.

म्हणजे पुढाऱ्यांच्या भाषणात ठिकाण बरोबर होते. साल अठ्ठावीस वर्षांनी चुकले होते आणि काम पूर्णपणे चुकले होते. नानांनी कधीतरी पारावर बसून कारगिलच्या थंडीबद्दल सांगितले असणार, ऐकणाऱ्याने ते अर्धेच ऐकले असणार, आणि कारगिल म्हटले की दूरचित्रवाणीवर पाहिलेले एकच युद्ध आठवत असल्याने नानांचे आयुष्य त्या चौकटीत बसवून टाकले गेले. ही लबाडी नव्हती. खरा तपशील हाताशी नसला की माणसे भाषणाची रिकामी जागा तयार मालाने भरतात, तसा हा प्रकार होता. माझा आक्षेप त्या एका भाषणावर नाहीच. सैनिकाला आठवायचे म्हणजे त्याच्या मृत्यूला किंवा एखाद्या पराक्रमाला आठवायचे, अशी सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला लागली आहे. जो लढून किंवा न लढता, पण नेमून दिलेले काम पुरे करून घरी परत आला, पुढे चाळीस-पन्नास वर्षे संसार केला आणि म्हातारा होऊन गेला, त्याच्याविषयी काय बोलायचे हे आपल्याला माहीतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

भाषाही याची साक्ष देते. रणांगणावर पडलेल्यासाठी आपल्याकडे हुतात्मा, वीरगती, धारातीर्थी असे शब्दांचे भांडार आहे. परत आलेल्यासाठी एकच सरकारी शब्द आहे : माजी सैनिक. माजी सरपंच, माजी आमदार, तसा माजी सैनिक. तो आता काय आहे हे त्या शब्दात नाही, तो काय राहिला नाही एवढेच आहे. साताऱ्या-सांगलीकडच्या गावांनी यावर आपला तोडगा काढला आणि शिपाई असो, नाईक असो की हवालदार, सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणायला सुरुवात केली. यात आदर आहे हे मान्य. पण सगळ्यांना एकच पदवी दिली की कोणी नेमके काय केले हे विचारायची गरज उरत नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्या मराठा पलटणींतील दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पहिले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतील बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले असताना ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणे घेतले आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीला बळी पडले. वय अवघे बावीस. दुसरे अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून बाहेर काढले, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत उरलेल्या कंपनीला बोलावून घेतले. ते जगले. १९८४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवसानंतर ते एकोणचाळीस वर्षे आपल्यात होते, आणि त्या एकोणचाळीस वर्षांविषयी आपल्यापैकी कितीजण दोन वाक्ये सांगू शकतील? घाडगे यांचा पुतळा माणगावात उभा आहे आणि तो असलाच पाहिजे. प्रश्न जाधवांचा आहे. वय, प्रदेश, रेजिमेंट आणि शौर्य सारखेच असताना एकाची स्मृती घट्ट आणि दुसऱ्याची विरळ का व्हावी?

मेजर रामा राघोबा राणे यांच्याबाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. कारवारजवळच्या चेंडियाचे हे राणे बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलाचे अधिकारी होते. १९४८ च्या ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांत त्यांनी नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. एका टप्प्यावर तर ते रणगाड्याच्या खाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला खुणा करत पुढे गेले. परमवीर चक्र स्वीकारायला हयात असलेले ते पहिले. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळाले, त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. राणे यांच्या नावाने पुढे एक तेलवाहू जहाज निघाले, कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. १९६८ साली ते सैन्यातून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. त्या चार दिवसांनंतरची शेहेचाळीस वर्षे, लग्न, मुलेबाळे, निवृत्तीनंतरचे पुणे, हे सगळे आपल्या सार्वजनिक आठवणीत जवळजवळ कोरे आहे. जहाज आहे, बेट आहे, माणूस मात्र चार दिवसांपुरताच आहे.

जिथे पदक नाही तिथे तर आकडाच उरतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने सैन्यभरतीच्या गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरचा मजकूर ठरलेला असे. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की परत आलेल्यांची संख्या निघते, पण ती वजाबाकी पाटीने केलेली नाही. गंमत म्हणजे नाव कोणाचेच नाही, मेलेल्यांचेही नाही आणि आलेल्यांचेही नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर नावातच ‘मिलिटरी’ लावणारे गाव. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्याचे स्मारक गावात आहे. साम्राज्याचा हिशेब स्वतंत्र भारताने निश्चित सुधारला. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे एकेका विटेवर कोरली आहेत. आता वजाबाकीतल्या माणसांची पाळी यायला हवी, एवढेच माझे म्हणणे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो हलका नाही, की ज्याने प्राण दिला त्याची आणि जो पेन्शन घेऊन घरी आला त्याची बरोबरी कशी होईल. बरोबरी करूच नये. हुतात्म्याच्या स्मारकाची एकही वीट काढून ती दुसरीकडे लावा असे कोणी म्हणत नाही. पण आठवण ठेवणे हा काही गुणानुक्रम नव्हे. घाडगे यांना दिलेला मान जाधवांचे उरलेले आयुष्य समजून घेतल्याने कमी होत नाही. उलट, बाविसाव्या वर्षी जो गेला त्याचे नेमके काय गेले, हे ज्याला पुढची चाळीस वर्षे मिळाली त्याच्याकडे पाहूनच कळते.

दुसरा आक्षेप मला स्वतःलाच बरेच दिवस छळत होता. सैनिकच का? शिक्षक, परिचारिका, गटारात उतरणारा कामगार, एस.टी.चा चालक यांची आयुष्ये का नकोत? नाना स्वतः बावीस वर्षे एस.टी. चालवत होते आणि त्यांना विना अपघात सेवेचा मिळालेला बिल्ला पदकांच्याच डबीत ठेवलेला होता, वरच्या बाजूला. त्यांच्या लेखी दोन्हींत फार अंतर नसावे. तर सगळ्यांचीच नोंद हवी, हे मान्य. सैनिकाबाबत मात्र एक जास्तीचे कर्ज आपल्यावर आहे. त्याच्या नावाचा सार्वजनिक वापर आपण रोज करतो. निवडणुकीच्या सभेत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत, चित्रपटगृहात, वादात समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी, ‘सीमेवर जवान उभा आहे म्हणून तुम्ही झोपता’ हे वाक्य आपण सर्रास फेकतो. ज्याचे नाव एवढे वापरायचे, त्याच्या आयुष्याविषयी निदान अचूक माहिती ठेवणे ही किमान सभ्यता झाली. झोपेचा दाखला देणाऱ्याला झोजी खिंड कुठल्या महिन्यात बंद होते हे माहीत नसेल, तर तो जवानाविषयी बोलत नसतो, स्वतःविषयी बोलत असतो.

निवृत्त सैनिकाच्या उरलेल्या आयुष्याने समाजाचे काय बरेवाईट होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे आणि तरीही आपण ते या नजरेने क्वचित पाहतो. सुभेदार रामजी सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. सैन्याच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. महू येथे त्यांची नेमणूक असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या चौदाव्या अपत्याचा, म्हणजे बाबासाहेबांचा, जन्म झाला. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्धच्या अर्जासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले, साताऱ्यात पत्नी भीमाबाई वारल्या आणि पदरी मुले असलेला हा निवृत्त सुभेदार पुन्हा नोकरीला लागला. ती नोकरी आमच्याच खटाव तालुक्यातील गोरेगावात होती. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाची खोदाई काढली होती आणि रामजी त्या कामावर खजिनदार होते. वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवर आणि पुढे वाटेत जे अस्पृश्यतेचे चटके बसले, ते बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आणि ते जगाला ठाऊक आहे. नंतर मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत हाच म्हातारा सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत असे, मग मुलाला अभ्यासाला उठवत असे आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवा होत असे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले.

रामजींची आठवण आपल्याला आहे ती मुलामुळे, हे उघड आहे. पण थोडे उलटे बघा. पहाटेची शिस्त, अक्षराची किंमत, सरकारला लेखी अर्ज करण्याची हिंमत ही छावणीतून घरात आलेली पुंजी होती, आणि ती एका बापाने निवृत्तीनंतर खर्च केली. दापोलीकडचे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातले निवृत्त हवालदारच होते, आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव येते. अशी किती घरे असतील जिथे सैन्यातून आलेल्या माणसाने मुलीला शाळेत घातले, गावात बंधारा बांधून घेतला, किंवा याउलट दारू पिऊन संसाराची माती केली? दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. नोंद व्हायची तर दुसऱ्या प्रकाराचीही व्हावी. नाहीतर ती पुन्हा श्रद्धांजलीच होईल.

कुटुंबवत्सल हा शब्द आपण मृत्युलेखात इतक्या सहजपणे वापरतो की सैनिकाच्या बाबतीत त्याला किती कष्ट पडले असतील हे लक्षात येत नाही. साधा हिशेब करावा. पंधरा वर्षांची नोकरी, वर्षाला दोन महिन्यांची वार्षिक सुट्टी आणि वर थोडीफार किरकोळ रजा. फॅमिली क्वार्टर मिळाले नाही, आणि नानांना पंधरा वर्षांत ते दोनच वर्षे मिळाले, तर बाकी काळात नवरा-बायको, बाप-मुले एकमेकांना वर्षातून एका ऋतूत भेटणार. तो ऋतूही पलटण ठरवणार. नानांच्या ट्रंकेतले एक आंतर्देशीय पत्र १९७२ च्या फेब्रुवारीतले आहे, ५६ एपीओ अशी सैन्याच्या टपालाची मोहोर असलेले. थोरली मुलगी झाल्याची बातमी त्यांना कळली तेव्हा ती सहा आठवड्यांची झाली होती. पत्रात बर्फाबद्दल एक अक्षर नाही, युद्धाबद्दल नाही. म्हैस विकू नये, विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा बदलून घ्यावा, आणि शेवटी एक ओळ : ‘मुलगी झाली म्हणून बर्फी वाटू नये, पेढेच वाटावेत, पैसे मनिऑर्डरने पाठवले आहेत.’ आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा तेव्हा दंडक होता. कारगिलच्या थंडीत बसलेल्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या चालकाने एका ओळीत तो मोडून टाकला. दशक्रियेच्या भाषणात सांगण्यासारखे काही असेल तर ते हे होते, आणि ते कोणाला माहीत नव्हते, कारण पत्र ट्रंकेत होते.

आता सरकारकडे काय असते ते पाहू. माजी सैनिकाविषयी सरकारला बरेच माहीत असते. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे नंबर, हुद्दा, कोअर, पत्नीचे नाव, मुलांच्या जन्मतारखा अशी नोंद होते. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते, उपचारांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, कॅन्टीनचे कार्ड आहे. समान हुद्दा, समान पेन्शन या मागणीसाठी म्हाताऱ्या सैनिकांना २०१५ साली दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तसा आदेश निघाला, हेही आपण पाहिले. महाराष्ट्रात माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, म्हणजे कोणत्या गावात कोणत्या घरात माजी सैनिक राहतो याची यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात तयार आहे. आणि दर नोव्हेंबरात प्रत्येकाकडून हयातीचा दाखला घेतला जातो. माणूस हयात आहे का, हे दरवर्षी विचारणारी एवढी मोठी यंत्रणा त्याची हयात कशी गेली हे एकदाही विचारत नाही. तो दोष कारकुनाचा नाही. फॉर्ममध्ये तशी जागाच नाही.

ती जागा करावी, ही माझी सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. हयातीच्या दाखल्यासाठी जो म्हातारा दरवर्षी येतो, त्याच्याकडून एकदाच, आयुष्यात एकदाच, तास-दोन तासांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. मराठीत, त्याच्या बोलीत. डिस्चार्ज बुकाची आणि पत्रांची छायाचित्रे काढून कागद त्याला परत द्यावेत. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, तेही उतरवून घ्यावे. भंगारात गेलेल्या पदकावरून मग निदान माणूस शोधता येतो. हे काम महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले करू शकतात, सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडण्यापेक्षा ते त्यांच्याही अधिक उपयोगाचे ठरेल. ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक जिल्हा कार्यालयात आणि एक घरच्यांकडे ठेवावी. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. तो संक्रांतीच्या तोंडावर येत असल्याने तिळगुळाच्या गडबडीत आमच्या गावात त्याचा कोणाला पत्ताही नसतो. त्या दिवशी फेटे बांधून सत्कार करण्याऐवजी दोन म्हाताऱ्यांना शाळेत बसवून बोलते करावे. सत्कारात म्हातारा गप्प बसतो आणि बाकीचे बोलतात, हे सत्काराचे व्यंगच आहे.

गुप्ततेचा मुद्दा कोणी काढील. पण इथे शस्त्रांची आणि मोर्चांची माहिती विचारायचीच नाही. पन्नास वर्षांपूर्वी चाकांना साखळ्या कशा बांधत, लंगरात काय शिजे, पत्र किती दिवसांनी पोहोचे, घरी कोण वारले तेव्हा रजा मिळाली का, यात कसली गुपिते? म्हाताऱ्या माणसाची स्मृती दगा देते, हा आक्षेप मात्र योग्य आहे. तो साल चुकेल, अधिकाऱ्याचे नाव चुकेल, कधी स्वतःला थोडे पुढेही उभे करील. म्हणूनच शेजारी कागद हवेत. आजवरचा युद्धांचा लिखित इतिहास बहुतांशी अधिकाऱ्यांनी लिहिलेला आहे. त्यांच्याही आठवणी चुकतात, पण त्या छापल्या गेल्याने तपासता येतात. शिपायाची आठवण तपासायला आधी ती कुठेतरी असावी लागते.

गेल्या काही महिन्यांत मी आणि गावातली दोन कॉलेजची मुले ग्रामपंचायतीची घरपट्टी माफीची यादी घेऊन फिरू लागलो आहोत. यादीत वीसेक नावे आहेत, त्यांत काही विधवांची. पहिले मुद्रण चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका नाईकांचे झाले. ते पंजाबच्या सीमेवरचे हुसेनीवाला आणि बेळगाव यांबद्दल थोडे बोलले, मग खोकला आला, आणि ‘बाकी हिला विचारा’ म्हणून त्यांनी चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवले. ती आधी नाही म्हणाली. मग १९६५ च्या भाद्रपदात तार आली समजून पोस्टमनला पाहताच सासू कशी भोवळ येऊन पडली आणि ती तार नसून मनिऑर्डर निघाली, इथून तिने सुरुवात केली. त्यानंतर नांगरट कोणी केली, दिराने वाटणी कशी मागितली, रजेवर आलेल्या नवऱ्याला पाहून मुलगा ‘हे कोण’ म्हणून कसा रडला, आणि पाणी भरायला जाताना खाकी कपड्यातला माणूस दिसला की छातीत कसे होई, असे सांगत राहिली. मुद्रण सत्तेचाळीस मिनिटांचे आहे. त्यात नाईकांचा आवाज नऊ मिनिटे आहे.

काकूंचे मुद्रण अजून व्हायचे आहे. त्या म्हणतात, आधी ते पेढ्यांचे पत्र मला वाचून दाखवा. तेव्हा ते सासऱ्यांनी वाचले होते, माझ्या हाती कधी दिलेच नाही.